रिकाम्या ठोक्याची व्यवस्था

रिकामी जागा ही समाजाला न परवडणारी चैन आहे. बाकावर दिसली तर माणूस पिशवी ठेवतो, भिंतीवर दिसली तर खिळा ठोकतो.

अशीच एक जागा एका बँडच्या पहिल्यावहिल्या अल्बममधल्या गाण्यात आढळली. गाणं रॉकचं, पण अंगात जमैकाच्या रेगे संगीताचं वारं शिरलेलं. म्हणजे चारांतला पहिला ठोका मोकळा सोडायचा आणि तिसऱ्यावर ड्रम अलगद टेकवायचा. ड्रमरने ही चाल तान्ह्या लेकीच्या पाळण्याशेजारी, उशीवर बोटं वाजवत बांधली होती. पहिल्या ठोक्याला ती श्वास घ्यायची. तिथे वाजवायला बापाचा हात उचलेल कसा?

अल्बम काढणाऱ्या कंपनीने तातडीने ‘रिक्त ठोका भरती समिती’ नेमली. (निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून समितीत गाण्यातलं कोणीही नव्हतं.) शंभर श्रोत्यांना गाणं ऐकवण्यात आलं. एकसष्ट जणांना आवडलं, सात जणांना नाही, बत्तीस जणांना झोप लागली. झोपलेल्यांची मागणी खुळखुळ्याची असल्याचं एकमताने ठरलं. योगायोगाने, मोठ्या साहेबांचे मेहुणे खुळखुळा वाजवत.

‘‘अहो, ती जागा चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवलीय,’’ ड्रमर काकुळतीला आला.

‘‘ठेवलीत ना? मग देऊन टाका आता! आमचे मेहुणे बारीक आहेत हो, सहज मावतील,’’ साहेब म्हणाले. ‘‘नाहीतर अल्बम उचला आणि घरी जा.’’

गिटारवाल्याने कोपराने ढोसलं. ‘‘सोड ना बाबा एक ठोका. तीन उरतात की आपल्याला!’’

ड्रमर हटला नाही. बातमी फुटली, आणि रसिक पेटून उठले. शांततेच्या रक्षणासाठी कंपनीच्या दारात भोंगे लागले, पिपाण्या वाजल्या, घोषणांनी काचा थरथरल्या. चौथ्या दिवशी साहेब कानात बोटं घालून शरण आले. गाणं जसंच्या तसं निघालं.

पहिल्या कार्यक्रमाला सभागृह तुडुंब. ड्रमरने काठ्या उचलल्या. पहिला ठोका आला, त्याने हात रोखला, आणि नेमक्या त्याच जागी हजार टाळ्या कडाडल्या. दुसऱ्या फेरीलाही तेच. कळवळून त्याने हात जोडले. टाळ्या दुप्पट झाल्या. (नम्र कलावंत लोकांना फार आवडतो.)

तिसऱ्या रांगेत, डोळे मिटून, सगळ्यांत जोरात वाजवलेल्या टाळ्या, वाचकहो, आपल्याच होत्या. बाहेर पडताना शेजाऱ्याला म्हणालातही, ‘‘काय शांतता आहे हो या गाण्यात!’’