नथूभाऊंची नाव आणि तिची चाकं

आमच्या सिंधीपुऱ्यात एका लग्नाची वरात नथूभाऊंनी भर रस्त्यात अडवली होती. नवरदेवाची मोटार फुलांनी मढवलेली, बँड रंगात आलेला, आणि हे गृहस्थ धोतर सावरत पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि नवऱ्याच्या बापाला म्हणाले, "वरात पायी न्या. हे रबर थकलंय." त्या बापाने त्यांना पुढे कधी माफ केलं नाही. मोटारीला मात्र काही झालं नाही, हेही सांगायला हवं.

नथूभाऊ आमचे शेजारी. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात देखरेखीला होते, आता घरीच असत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी कुसुम फोपनारला, केळीच्या बागायतदाराकडे दिलेली. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात त्यांनी एक जुनी जीप आणि तिच्यामागे जोडायची दोनचाकी ट्रॉली घेतली. मग त्या ट्रॉलीवर ठेवायला चक्क एक नाव बनवून घेतली. तापी चालत जायच्या अंतरावर आणि घाटावर होड्या हव्या तितक्या. मग घरची नाव कशाला, असं विचारलं की म्हणत, "असू द्या, लागते." नाव अंगणातच असे. शेजारच्या बायका तिच्यात पापड वाळत घालत.

मी सांगतोय ते वर्ष प्रांत मोडून नवे प्रांत जुळवण्याचं. आपण नागपूरकडे राहणार की भोपाळकडे जाणार, याची रोज नवी बातमी येई. कचेरीतले कारकून बदलीच्या धास्तीने जेवत नव्हते, आम्ही मास्तर मंडळी मराठी शाळेच्या काळजीत. नथूभाऊंना झोप नव्हती ती ट्रॉलीच्या टायरांमुळे.

टायर दिसायला चांगले होते, नक्षीसुद्धा झिजली नव्हती. मी तसं म्हटलं तर त्यांनी मला वाकवून कडेच्या बारीक भेगा दाखवल्या. "नक्षी काय पाहून राहिले मास्तर, वय पाहा. उन्हात उभ्या उभ्या म्हातारं झालंय. रबर बोलत नाही, एकदम रस्त्यात बसतं."

ते भुसावळला जाऊन नवे टायर घेऊन आले. दुकानदाराने दाखवलेले पहिले दोन्ही जोड त्यांनी हुंगून परत केले म्हणे. इथे आल्यावर, आम्हाला पटावं म्हणून, काढलेल्या टायरात त्यांनी सगळ्यांदेखत हवा भरली. काहीच झालं नाही. लोक हसत घरी गेले. दुपारी सगळे आडवे झाले असताना तो टायर असा फुटला, की पलीकडच्या गल्लीतले कारकून भोपाळचं नक्की झालं, तोफ उडाली, असं म्हणत बाहेर आले. त्या दिवशी नथूभाऊ फार खुशीत होते.

श्रावणात पावसाने उसंत दिली नाही. एका सकाळी ते छत्री न घेताच आमच्या दारात उभे राहिले. "मास्तर, चला. कुसुमला आणायचंय. पहिलं बाळंतपण आहे, आणि फोपनारचा नाला भरलाय." नाव कशासाठी होती ते मला तेव्हा समजलं.

घाटावरचा एक नावाडी सोबत घेतला. रस्ता नुसता चिखल आणि दगड. थोडं गेलं की नथूभाऊ उतरत, चाकांना हात लावत, पुन्हा बसत. चाकांनी दगा दिला नाही. नाल्यावर नाव उतरवली आणि पलीकडे गेलो.

कुसुम ओसरीत बसली होती. बापाला पाहून उठायला लागली, तर सासूने तिला खांद्याला धरून बसवलं. दाई आधीच येऊन राहिलेली, पाणी तापवायची चूल मांडलेली. कुसुम खाली बघून म्हणाली, "बाबा, दाई म्हणते आता हलायचं नाही. इथंच होऊ द्या. ह्या आत्याबाई आईसारखंच करतात माझं."

नथूभाऊ पटकन म्हणाले, "बरोबर आहे. एवढ्या पाण्यात नेणं चांगलं नाहीच." जावयाशी केळीच्या भावाबद्दल बोलले, चहा घेतला आणि निघाले. परतीच्या वाटेवर ते एकदाही जीपमधून उतरले नाहीत.

घराजवळ आल्यावर मला म्हणाले, "वहिनींना घेऊन जेवायला या. स्वयंपाक सांगून ठेवलाय."

आम्ही गेलो. आतली खोली मी प्रथमच पाहिली. भिंतीला ताजा चुना, छताला पाळणा टांगलेला, खिडकीशी बाज आणि तिच्यावर नवी चादर. उशाशी जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी घडी घालून रचलेली. माझी बायको दारातच थांबली. कुठे बसावं ते तिला कळेना.

"बाजेवर बसा वहिनी," नथूभाऊ म्हणाले. "बसा हो. कोणीतरी बसायला पाहिजे."