हरकती व सूचनांसह एक होडी

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला नाव नसतं, आणि त्या काळात तो काय काय करून ठेवतो हे दुपटी धुणाऱ्यांना विचारावं. शिस्त लागते ती नामकरणानंतर. नगरपालिकेच्या रस्ते-नामकरण विभागात साहेबांनी हे तत्त्व आयुष्यभर पाळलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही रस्त्याच्या नावाने आजवर कोणाचं मन दुखावलेलं नाही. (त्यांपैकी एकाही रस्त्याला अजून नाव नाही.)

अशा घरात होडी आली. लहानशी, पिवळी. हौस साहेबांच्या बायकोची. दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसून तिचे कान किटले होते, आणि घरात कोणालाही काहीही सापडेनासं झालं की हाक तिलाच. तिला एवढंच हवं होतं: तळ्याच्या मधोमध जायचं आणि गप्प बसायचं. गाळ काढण्यासाठी तळं सोमवारपासून बंद होणार होतं. आज रविवार.

"मग चला ना, होडी पाण्यात सोडू," काठावर पोचताच ती म्हणाली.

"बिननावाची?" साहेबांनी विचारलं. जणू होडी अंगावर कपडे न घालताच घराबाहेर पडली होती.

कार्यपद्धती ताबडतोब जाहीर झाली.

कलम १. नाव एकमताने ठरेल.
कलम २. नावामुळे हयात, दिवंगत किंवा शेजारी राहणाऱ्या कोणाच्याही भावना दुखावू नयेत.
कलम ३. (हरकत आल्यामुळे वगळले.)
कलम ४. कलम ३ वर हरकत कोणी घेतली याची चौकशी करू नये. (सासूबाईंनी.)

उपड्या ठेवलेल्या होडीभोवती सभा बसली. सासूबाईंनी 'राजहंस' सुचवलं. मुलीच्या मते हंस चावतात. तिचं 'वादळराणी' विमा एजंट असलेल्या मामाने पाडलं. वादळ स्वतःहून कबूल केल्यावर भरपाई कोण देणार? मग मामाने स्वतःचंच नाव सुचवलं. त्यावर विलक्षण वेगाने एकमत झालं, पण ते कलम १ ला अभिप्रेत असलेलं नव्हतं.

साहेबांनी 'शांतता' मांडलं.

"हे काय नाव झालं? शाळेच्या भिंतीवर लिहितात तसलं!" सासूबाई कडाडल्या. "आणि मला गप्प बस म्हणतोयस का रे?"

ढोबळ आकडेवारी: एक तृतीयांश नावं पक्ष्यांची, एक तृतीयांश सासूबाईंच्या बहिणींची, उरलेली अशी, की ऐकून होडी आपणहून बुडाली असती.

"मी काय म्हणते, आधी एक चक्कर मारून येऊ..."

"अगं, सूचना क्रमाने येऊ दे. तुझा नंबर आईनंतर."

"आणि ताई, उभं राहून बोल," मामा म्हणाला.

उपसमिती नेमायचं ठरलं. उपसमितीला नाव काय द्यायचं यावरून मात्र आवाज चढले, ऊनही चढलं, आणि सभा भांडत भांडत झाडाखाली सरकली. होडीपाशी एकटी ती उरली. तिने होडी सरळ केली, पाण्यात ढकलली आणि वल्ही उचलली.

साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा ती मधोमध पोचून वल्ही आत घेत होती. ते काठावरच्या रखवालदाराकडे धावले. होड्यांना परत बोलवायला त्याच्याकडे कर्णा असतो.

"बोलवा तिला!"

"बोलावतो की. होडीचं नाव?"

साहेबांनी झाडाखालच्या सभेकडे वळून पाहिलं. तिथे अजून उपसमितीच चालू होती.

"तिचं नाव घ्या ना! ती माझी बायको आहे!"

"माणसांना नाही बोलवत, साहेब. नियम आहे. एकीला हाक मारली की त्याच नावाच्या चौघी परत येतात, आणि मग चौघींच्या शिव्या मी खातो. होडीचं सांगा."

साहेबांनी नियमाचा पुन्हा पुन्हा विचार केला. तो निर्दोष होता. त्यांना तो अगदी घरच्यासारखा वाटला. सभा तातडीने पुन्हा भरली.

वाचकहो, एव्हाना तुम्हालाही एक नाव सुचलं आहे, आणि ते आतापर्यंतच्या सगळ्या नावांपेक्षा सरस आहे याची तुम्हाला खात्री आहे. (सभेतही प्रत्येकाला होती.) कृपया ते मोठ्याने म्हणू नका. पाण्यावरून आवाज फार लांब जातो, आणि ती आत्ता कुठे जरा टेकली आहे.