लूसाठी व्हॉलीबॉल

फेलेतीनं जाहीर करून टाकलं होतं, की तो धावणार नाही. धावायचं ते ज्याच्या मागे कुत्रं लागलंय त्यानं. नुकुआलोफा या आमच्या बेटावरच्या गावात कुत्र्यांना तोटा नाही, पण बंदर कचेरीच्या हेडक्लार्कनं त्यांना आपण होऊन करमणूक पुरवावी, हे त्याला मंजूर नव्हतं. तो खेळणार होता. हसतखेळत, चार माणसांत, फारसा घाम न गाळता तो बारीक होणार होता. रविवारी चर्च सुटल्यावर त्यानं हे विचारणाऱ्यांना सांगितलं आणि न विचारणाऱ्यांना जरा जास्तच तपशिलात सांगितलं.

मुळात ही वेळ आणली दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी फेलेतीचं रक्त तपासलं, शुगर वाढल्याचं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. पण शेजारच्या खुर्चीवर फेलेतीची बायको लाविनिआ बसली होती आणि तिच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला. घरी पोचायच्या आत तिनं लू बंद केलं.

आता लू बंद म्हणजे काय, हे फेलेतीलाच विचारावं. अळूच्या कोवळ्या पानांत मटणाचे चरबीदार तुकडे घ्यायचे, वर कांदा, वर नारळाचं घट्ट दूध, त्याची पुरचुंडी बांधायची आणि सकाळी चर्चला जाण्याआधी जमिनीतल्या भट्टीत पुरून टाकायची. परत येईतो पानांचं लोणी झालेलं असतं. पाद्रीबाबांचं प्रवचन फेलेती आजवर इतक्या भक्तिभावानं ऐकत आला, त्यामागचं बळ हेच होतं. आता घरी येऊन त्याच्या पुढ्यात उकडलेली कच्ची केळी पडू लागली. पोरं समोर बसून लू चाटूनपुसून खायची आणि हा केळ्याकडे बघत बसायचा.

शेवटी व्हॉलीबॉल खेळायची तयारी दाखवून त्यानं तहाची बोलणी लावली. लाविनिआनं अट घातली, ती नवऱ्याला पुरती ओळखून. फेलेती कुठलीही गोष्ट धडाक्यात सुरू करी आणि लंगडत सोडून देई. चर्चच्या बँडमधलं ट्रॉम्बोन त्यानं ओठ दुखतात म्हणून सोडलं होतं, सायकल गुडघ्यांसाठी सोडली होती.

"पूर्ण सीझन खेळायचं," ती म्हणाली. "शेवटच्या मॅचच्या शेवटच्या शिट्टीपर्यंत कोर्टवर उभा दिसलास, तर दर रविवारी लू. मधेच पाय काढलास, तर केळी. जन्मभर."

त्याआधी त्यानं चालून पाहिलं होतं. पण आमच्याकडे चालणाऱ्या माणसाला कुणी चालू देत नाही. दर वळणावर एखादी गाडी थांबे आणि 'काय रे, गाडी बिघडली का' म्हणून त्याला आत ओढून घेई. गाडीतून सुटला, तर कुठल्यातरी ओसरीवरून न्याहारीला हाक येई, आणि आलेली हाक मोडणं फेलेतीच्या संस्कारांत बसत नव्हतं. अशा पद्धतीनं चालून त्याचं वजन चांगलं वाढलं. तेव्हा कचेऱ्या-कचेऱ्यांमधली मिक्स व्हॉलीबॉलची स्पर्धा सुरू झाली आणि त्यानं आपलं नाव दिलं.

खेळाडू म्हणून फेलेतीची शैली स्वतंत्र होती. तो मागच्या कोपऱ्यात उभा राही आणि चेंडू जवळ आला, की मोठ्या उदारपणे 'तुझा' म्हणून बाजूला होई. उरलेल्या पाच जणांत मानासे नावाचा गोदामातला कारकून होता. त्याला खेळ येत होता, त्यामुळे त्याला फार त्रास व्हायचा. बंदर कचेरी प्रत्येक मॅच हरली. पण फेलेती प्रत्येक मॅच उभा राहिला आणि शेवटच्या शुक्रवारपर्यंत येऊन पोचला. उरली होती फक्त शिक्षकांबरोबरची मॅच. रविवारसाठी त्यानं मटण स्वतः पसंत करून ठेवलं होतं.

त्या शुक्रवारी गावात एक मोठं मयत होतं. दोन्ही टीमचे राखीव खेळाडू तिकडे गेलेले. बंदर कचेरीचे कसेबसे सहा जण उभे राहिले, शिक्षकांचे पाचच भरले. पंच म्हणून पाद्रीबाबा शिट्टी पुसत बसले होते. तेवढ्यात बघ्यांमधून एक बाई उठली, शांतपणे मांडीवरची पुस्तकं बाकावर ठेवली, चश्मा सारखा केला आणि जाळीपलीकडे जाऊन उभी राहिली. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. लुसेआने. फेलेतीची सख्खी थोरली बहीण.

भाऊबहीण वयात आले, की त्यांनी एका छताखाली झोपायचं नाही, शेजारी बसून सिनेमा बघायचा नाही, एकमेकांसमोर थट्टामस्करी करायची नाही आणि कुणी केली तर ऐकायची नाही, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. बहीण आली की भावानं सभ्यपणे उठून जायचं. भावाच्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती मागेल ते द्यायचं आणि वर आनंद झाल्यासारखं दिसायचं. आणि इथं हा तिच्यासमोर चड्डीवर उभा, वर आखूड झालेला बनियन, आणि शेजारी मानासे, ज्याच्या तोंडून पोरीबाळींचा उल्लेख आल्याशिवाय सर्व्हिस होत नसे.

सगळं मैदान फेलेतीकडे बघू लागलं. आता हा काहीतरी सबब सांगून जाईल, असं सगळ्यांनी धरलंच होतं. लुसेआनेही आकाशाकडे बघत तेवढ्यासाठीच थांबली होती. कोर्टाबाहेर लाविनिआ पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं नवऱ्याकडे बघून पिशवीतून एक केळं काढलं आणि सोलायला घेतलं.

फेलेती गेला नाही. लोकांत कुजबुज झाली. त्यानं कचेरीच्या पिशवीतून आपलं ताओवाला काढलं आणि ती चटई चड्डीवर कमरेला गच्च गुंडाळून वरून दोरी बांधली. ताओवाला बांधून माणूस चर्चला जातो, साहेबासमोर जातो, मयताला जातो. व्हॉलीबॉलला तोवर कुणी गेलं नव्हतं.

"बरं झालं," मानासे पुटपुटला. "आता निदान कुणाच्या अंत्ययात्रेला आलोय ते तरी कळेल."

व्हॉलीबॉलमध्ये एक दुष्ट नियम आहे. सर्व्हिस आपल्याकडे परत आली, की टीममधल्या प्रत्येकानं एक जागा पुढे सरकायचं. म्हणजे मागच्या कोपऱ्यातला माणूस आपल्या टीमच्या पराक्रमामुळेच हळूहळू जाळीपाशी येतो, समोरच्याच्या तोंडाला तोंड देऊन. आजवर फेलेतीला या नियमाचा जाच झाला नव्हता, कारण त्याच्या टीमनं कधी फारसा पराक्रमच केला नव्हता. नेमकी त्या दिवशी बंदर कचेरी खेळू लागली.

सर्व्हिस परत मिळाली की पाच जण आनंदानं ओरडत आणि सहावा मेल्यासारखा एक पाऊल सरकत असे. त्यानं आपल्या परीनं पुष्कळ प्रयत्न केले. सर्व्हिस जाळीत मारली. सोपा चेंडू सोडून दिला. मानासेच्या पायात पाय अडकवला. काही उपयोग झाला नाही, कारण पलीकडे लुसेआनेही भावाच्या बाजूनं येणारा चेंडू दिसला, की मानानं बाजूला होत होती, आणि तो तिच्या मागे धप्पकन पडून बंदर कचेरीला गुण मिळत होता. शिक्षकांना मुख्याध्यापिकाबाईंना बोलायची सोय नव्हती.

शेवटच्या गुणाला फेलेती जाळीपाशी पोचला. समोर लुसेआने. त्यानं नजर जमिनीवर ठेवली, हात मागे बांधले आणि प्रार्थनेला सुरुवात केली. मागून मानासेनं चेंडू असा उचलला, की तो थेट फेलेतीच्या डोक्यावर येऊन तरंगला.

"फेलेती, मार," मानासे ओरडला. "आयुष्यात एकदा तरी मार."

बहिणीकडे बघायचं नाही म्हणून फेलेतीनं डोळे मिटले. चटईनं परवानगी दिली तेवढी उडी मारली आणि हात फिरवला. सबंध सीझनमध्ये त्याच्याकडून निघालेला तो पहिला फटका होता, आणि काय फटका होता. खणखणीत. सरळ. तो लुसेआनेच्या कपाळाच्या मधोमध बसला. चश्मा उडाला, अंबाड्यातला कासवाच्या पाठीचा कंगवा उडाला आणि बाई मटकन खाली बसल्या.

बहिणीच्या डोक्याला भावाचा नुसता हात लागणं हेच केवढं, इथं तर चेंडू लागला होता. गुण बंदर कचेरीचा होता, मॅचही त्यांचीच होती, पण पाद्रीबाबांना ते बोलायचा धीर होईना. फेलेती गुडघ्यांवर कोसळला होता. लुसेआने उठली, कंगवा उचलला, चश्म्याचे दोन तुकडे उचलले आणि निघून गेली. मग कुठे शिट्टी वाजली. फेलेती कोर्टवरच होता. अट अक्षरशः पूर्ण झाली होती.

शनिवारी सकाळी भाजलेलं डुक्कर, सुरणाच्या टोपल्या आणि एक उत्तम विणलेली चटई घेऊन फेलेती आणि लाविनिआ लुसेआनेच्या दारात जाऊन बसली. माफी मागताना नेसायची जुनी, फाटकी चटई दोघांच्या अंगावर होती. फेलेतीची मान छातीला टेकली होती. त्याला खरंच वाईट वाटत होतं. लहानपणी ताप आला की हीच ताई त्याच्या उशाशी बसायची, आणि त्यानं तिच्या कपाळावर टेंगूळ आणलं होतं. लाविनिआ रीतीप्रमाणे गळा काढून रडत होती. उन्हात बराच वेळ तिष्ठत ठेवून लुसेआनेनं त्यांना आत बोलावलं.

"डोकं शाबूत आहे," ती वर्गात बोलावं तशी बोलली. "झालं ते झालं. माफ केलं."

फेलेतीला हुंदका आवरला नाही. त्यानं जमिनीकडे बघतच ताईचे उपकार मानले.

"तू काल उठून गेला नाहीस. लोक हसतायत. पण लाविनिआशी तुझा काही करार होता म्हणे."

"होता, ताई."

"मग पुरा केलास, चांगलं झालं. दिलेला शब्द पाळावा. आता एका कोर्टवर आपण दोघांनी येणं बरं दिसत नाही. कुणीतरी एकानं सोडायला हवं."

फेलेतीच्या अंगावरून मोरपीस फिरलं. एवढा सन्मानानं खेळ सोडण्याचा मुहूर्त त्याच्या आयुष्यात पुन्हा आला नसता. मीच सोडतो ताई, असं तो म्हणणार, तोच ती म्हणाली, "मी सोडते. तू खेळ. पुढच्या सीझनलाही खेळ. तब्येतीला चांगलं असतं."

"हो, ताई," फेलेती म्हणाला. काही हरकत नाही, त्यानं मनात हिशेब केला. उद्या रविवार होता. अळूची पानं कालच धुऊन ठेवली होती.

"आणि ते लू," लुसेआने म्हणाली.

"कुठलं लू, ताई?"

"तुझं. दर रविवारी तुला मिळणारं. चर्च सुटलं की इकडे आणून देत जा. गरम आण. मला शुगर नाही."

लाविनिआचं रडणं एकदम थांबलं. तिनं चटईची कड तोंडावर दाबून धरली आणि तिचे खांदे हलू लागले, पण ते रडण्यानं हलत नव्हते. नणंद-भावजयींनी एकमेकींकडे चुकूनसुद्धा पाहिलं नाही. दोन बाया इतक्या कसोशीनं एकमेकींकडे बघायचं टाळतात, तेव्हा त्या मॅचच्या आधीच कुठेतरी चहाला भेटलेल्या असतात, हे फेलेतीला त्या क्षणी लख्ख कळलं. चश्मा मात्र त्यांच्या बेतात नसावा.

"जड जाणार नाही ना तुला?" लुसेआनेनं मायेनं विचारलं.

"छे, ताई. आनंद आहे," फेलेती म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. ती आधीपासूनच खाली होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.