अमावास्येची सबसिडी

विजेच्या टेम्पोवरची सबसिडी बंद करायची तारीख ठरवताना सरकारने पंचांग पाहिलं नसावं, नाहीतर ती नेमकी सर्वपित्री अमावास्येला आली नसती. महाळुंग्यात पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या नवनाथचा निम्मा नफा भाड्याच्या गाड्या खात होत्या. सबसिडी मिळाली तर स्वतःचा टेम्पो परवडत होता, नाहीतर नाही. हा सरळ हिशेब आईपुढे मांडायची चूक त्याने केली.

"पित्तरपाटात दारात खिळासुदिक येनार न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दसऱ्याला घे."

"दसऱ्याला सबसिडी नसंल, आई."

"पन दसरा आसंल की."

नवनाथने गुपचूप चाकणचं शोरूम गाठलं. तिथे त्याच्यासारखेच पाचसहाजण होते आणि प्रत्येकजण घरच्यांना फोनवर आपण कंपनीत असल्याचं सांगत होता. टेम्पो दारात आल्यावर तो शेजारच्या गाळ्यातल्या जयदीपचा आहे, दसऱ्यापर्यंत भाड्याने घेतलाय, असं त्याने आईला सांगून टाकलं. दसऱ्याला हार घालून 'विकत घेतला' म्हणायचं, की काम फत्ते. जयदीपनेही मैत्रीखातर मान डोलावली.

टेम्पो झकास चालला. रुक्मिणीबाई त्याचं कौतुक करत आणि पितरांत गाडी घेतल्याबद्दल जयदीपला, भेटेल तिथे, झाडत. तो बिचारा ऐकून घेई. आपला लेक मात्र आईच्या शब्दाखातर नुकसान सोसून बसला, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी नवनाथ हार घेऊन बाहेर आला, तर त्याच्या टेम्पोशेजारी तस्साच दुसरा उभा.

"माज्या नावावर घेतला," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "भिशी मोडली. हप्ते तेवढं तू भर."

"पूर्ण किमतीत?" नवनाथने विचारलं.

"माज्यापायी तू सबसिडीवर पानी सोडलंस. मंग म्याबी भिशीवर सोडलं." त्यांनी पदराने डोळे टिपले.

नवनाथलाही भरून आलं, आणि आता खरं सांगायची सोय उरली नाही.

"जयदीपची गाडी आदी त्याला देऊन ये," त्या म्हणाल्या. "सणासुदीला दुसऱ्याची वस्तू दारात नको."

नवनाथ स्वतःचा टेम्पो घेऊन निमूट जयदीपच्या घरी गेला. दारात जयदीपची बायको वर्षाली ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. नवऱ्याने टेम्पो घेतल्याची गोड बातमी तिला कालच रुक्मिणीबाईंनी सांगितली होती. तिने टेम्पोला हळदकुंकू वाहिलं, नवनाथच्या तोंडात पेढा घातला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

नवनाथने जयदीपकडे पाहिलं. जयदीप खाली वाकून मन लावून टायर तपासत होता.