उसाहून उंच

भेटल्यावर लोक जेवलात का विचारतात. आमच्या समोरच्या शेवंताबाई विचारतात, "आज काय चढलात?"

मुलांनो, हा प्रश्न पोस्टमनलाही विचारतात. मी एकदा लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढले होते, तेवढेच सांगितले. "कमी हाय, पन हाय," म्हणाल्या. लिफ्टला त्या 'पेटी' म्हणतात आणि तिच्यात पाय ठेवत नाहीत. रोज सकाळी नऊवारीखाली नातवाचे जुने बूट घालून नगरबाहेरचा चांदबिबी महालाचा डोंगर चढतात. उतरल्यावर डोंगराला 'येते हं' म्हणून सांगतात आणि मगच घरी येतात.

हे वेड आले कुठून, असे मी एकदा विचारले. शेवंताबाई जामखेडकडच्या. नवऱ्याबरोबर कितीतरी हंगाम ऊसतोडीला जायच्या. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला 'बाई' म्हणतात.

"बाई, उसात हुबं राह्यलं की चार हातावरचं दिसत न्हाई. मला वाटायचं, जग एवढंच. मंग एकदा टेकाडावर सरपनाला गेल्ते. वरून उसाचा आख्खा फड दिसला. एवढासा. तवापासून कशाचं भ्या न्हाई."

पुढे नवरा वारला आणि त्या नगरला मुलाकडे आल्या. आता एकच ध्यास उरला होता, कळसूबाई. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही, म्हणून त्याखाली त्यांचे समाधान होईना. गुडघे कुरकुरू लागले होते. ते पुरते बसायच्या आत चढायचे होते. मुलगा म्हणाला, टीव्हीवर बघ. जेवतोस पण टीव्हीवरच का, असे त्यांनी विचारले.

मी सोबत जाते म्हटल्यावर त्याने होकार दिला. गेल्या हिवाळ्यात आम्ही पायथ्याच्या बारी गावी पोचलो. मला चढ झेपत नाही, म्हणून मी चहाच्या टपरीवर बसले. शेवंताबाई कॉलेजच्या काही मुलींबरोबर निघाल्या. चहा कितीही वेळा सांगितला तरी माझा जीव वरच होता.

दुपारी फोन वाजला. "बाई, पोचले." धाप लागली होती, पण आवाजात सरपंचाचा रुबाब होता. "वाटंवरच्या लोखंडी शिड्या बी चढले. पोरी मागंच हायेत अजून."

मुलाला कळवलेत का, मी विचारले.

"त्यो म्हनंल, उतर आता." मग वाऱ्यातून पुन्हा आवाज आला. "आमच्या ह्यान्ला दावायचं हुतं. बाई, मी हितनं हात करते. तुमी बी करा."

इतक्या खालून माणूस दिसणे शक्यच नव्हते. टपरीवाला बघत होता. मी उठले, रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात उंच करून हलवत राहिले.

"दिसलात," शेवंताबाई म्हणाल्या.