इनास मेस्तांचा कोरेज्म

कोरेज्म लागला की इनास मेस्त माझ्या डब्याला नाक लावल्याशिवाय माझ्या शेजारी बसत नसत. मी डबा उघडायचो, ते वाकायचे, दोन्ही नाकपुड्या फुलवायचे आणि विचारायचे, "ह्या आमटीत सुंगटां नात मरे?" सुंगटां म्हणजे कोळंबी. मी नाही म्हटलं की बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. आमटीपेक्षा माझाच संशय जास्त.

पाळी गावातल्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळायचो, मेस्त ट्रकांची इंजिनं दुरुस्त करायचे. मी दोडामार्गकडचा, एकटा, गोव्यात नवा. त्यांच्या घराला लागूनच एक खोली भाड्याने मिळाली होती. ईस्टरच्या आधीचे ख्रिस्ती उपवासाचे दिवस म्हणजे कोरेज्म, हे मला त्यांनीच सांगितलं. बाकीचे ख्रिस्ती त्या दिवसांत मांस सोडायचे, शुक्रवार जरा कडक पाळायचे. मेस्तांनी मांस सोडलं, मासळी सोडली, दारू सोडली, आणि शुक्रवारी तर अंधार पडेपर्यंत पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही.

एवढं करून माणसाला शांती मिळावी की नाही? पण त्यांना जिकडेतिकडे सैतान दिसायचा. काजूचा हंगाम नेमका कोरेज्मात येतो, हा त्यांच्या मते सैतानाचाच बेत. भट्टीवरून हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचा, वास आला की ते ग्रीसने माखलेला फडका नाकाला लावायचे आणि फडक्याआडून म्हणायचे, "हांव वळखतां तुका!" हे सैतानाला उद्देशून असायचं. पण समोर मी असलो तर मलाच दचकायला व्हायचं.

आमच्या उपासांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी नेली. त्यांनी दाणे पाहिले, तूप पाहिलं, वरचं खोबरं पाहिलं.

"हो उपास?"

"हो."

"आमगेल्या लग्नांत इतलें तूप नासता!" त्यांच्याकडे लग्नातसुद्धा एवढं तूप नसतं म्हणे.

अशा माणसाच्या स्वयंपाकघरातून शुक्रवारी बांगड्याच्या हुमणाचा, म्हणजे कालवणाचा, वास यायला लागला, तेव्हा मी खोलीत बसल्या बसल्या चक्रावलो. दुपारपाळी नसल्यामुळे आम्ही दोघं दुपारी घरी असायचो ते शुक्रवारीच. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच वास. माशात घालतात त्या तिरफळासकट! घरात मेस्त आणि त्यांची बायको आनामारी अशी दोघंच. ती आजारी असते, एवढंच ते सांगायचे. आजारी बाई चुलीपाशी जाणार नाही. मग मासे शिजवतो कोण आणि खातो कोण?

मी ही गोष्ट ट्रक चालवणाऱ्या शाबीला सांगितली. तो आमच्याच बाजूचा. शाबीला एवढंच हवं होतं.

"चोरून खाता तो! आणि आमचे डबे हुंगता! तू एकदा धर त्याका."

तिसऱ्या शुक्रवारी मी वाटच बघत होतो. वास आला तसा मी उठलो आणि काड्यापेटी मागायच्या निमित्ताने मेस्तांचं मागचं दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं. फटीत एक डोळा.

"कित्याक आयला? वास घेवंक?"

"काड्यापेटी हवी होती."

डोळ्याने मला खालपासून वरपर्यंत तपासलं. मग दार सताड उघडलं. मेस्तांच्या कमरेला पंचा, हातात हुमणाने भरलेला डाव.

"आयला तें बरें जालें. मीठ चाख."

मी डावाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"चाख मरे! हांव चाखूंक शकना. आयज शुक्रार न्हय?"

मी चाखलं. हुमण खारट झालं होतं. तसं सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं, आणि तरीही पातेल्यात नारळाचा रस ओतला. "दर शुक्रारा अशेंच जाता," ते पुटपुटले. एरवी जिभेला लावून थुंकता तरी येतं, शुक्रवारी तेही नाही. मग आतल्या खोलीकडे मान केली. "तिका शुक्रार कळना. कोरेज्म कळना. नुस्तें नासलें तर ताट पयस करता." मासळी नसली की ती ताट दूर सारते, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी शाबीने विचारलं, "काय, गावलो?"

"गावला. मासे मी खातो," मी म्हटलं आणि तिथून निघालो.

त्यानंतर दर शुक्रवारी मी मीठ चाखायला जाऊ लागलो. मेस्त मला आत घ्यायचे, पण माझं म्हणणं दोनदा विचारून खात्री करून घ्यायचे. आतल्या खोलीत ते मला नेत नसत.

गुड फ्रायडेच्या आदल्या शुक्रवारी मेस्तांच्या दोन्ही हातांत जड पातेलं होतं, म्हणून त्यांनी ताट आत न्यायला माझ्या हाती दिलं. आनामारी खिडकीशी खुर्चीत बसली होती. पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात धुतलेला फुलांचा झगा. मेस्त तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि बांगड्याचे काटे काढू लागले. बोटांना हुमण लागलं की चाटत नव्हते, फडक्याला पुसत होते. सकाळपासून त्या माणसाच्या पोटात काही नव्हतं.

ती त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"तूं नवो रांदपी?" नव्या स्वयंपाक्याला विचारावं तसं तिने विचारलं.

"हय, बाय," मेस्त म्हणाले.

"म्हज्या घोवाक जेवण दवरलां मरे? तो खाणीवयल्यान येता तेन्ना भुकेल्लो आसता. उपास उपास करता आनी कोणाक सांगना."

नवऱ्याची चौकशी ऐकूनही मेस्तांनी मान वर केली नाही. एक बारीक काटा त्यांनी चिमटीत धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"जेवलो तो?" तिने परत विचारलं. ताटाला हात लावायला ती तयार नव्हती.

"जेवलो गे बाय," इनास मेस्त म्हणाले. "पोटभर जेवलो. आतां तूं जेव."

तेव्हा कुठे तिने घास उचलला.