मुकी झालेली पिकअप

एका जंगलात रस्ता नव्हता, पण पिकअप होती. हसू नका, बाळांनो. पुष्कळ जंगलांत असंच असतं.

पिकअप खंडूअण्णा अस्वलाची. तिची चारही चाकं ओढायची, म्हणून चिखल असो की खडक, ती चढायची. साडेचार लाख किलोमीटर झाले होते म्हणे. मीटर कधीचाच बंद पडला होता आणि पुढचा आकडा खंडूअण्णा अंदाजाने वाढवत होता.

रोज सकाळी ती जनावरांना घाटापलीकडच्या तळ्यावर न्यायची. तिच्या पुढच्या चाकांतून आवाज यायचा. सरळ जाताना घुर्रर्र, वळताना कटकट, खड्ड्यात धाडकन. दोन टेकड्यांपलीकडे ऐकू यायचा. तो आला की हरिणी पोरांची तोंडं धुवायला घ्यायच्या आणि कासव घरासकट निघायचं. जंगलात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

फक्त गेनूमिस्त्री साळिंदराला तो आवाज ऐकवत नसे. जांभळीखाली त्याचं गॅरेज होतं. जागा सिंहमहाराजांच्या मालकीची. गिऱ्हाइकांची तक्रार आली की जागा दुसऱ्याला, असा नियम होता. आणि सदूभाऊ कोल्हा त्या जागेवर कधीचा डोळा ठेवून होता. सदूभाऊला एकच दुरुस्ती येत होती, ती म्हणजे रंग मारणे.

एक दिवस गेनूने पिकअपखाली जॅक लावला, पुढचं चाक वरून-खालून धरलं आणि हलवलं. तुमचा दुधाचा दात हलतो ना, तसं ते हललं.

"अण्णा, बॉल जॉइंट गेलाय, बेअरिंग गेलंय, एक्सलचा क्रॉस बी गेलाय," गेनू म्हणाला. "घाटाच्या वळणावर चाक आडवं पडलं तर गाडी थेट दरीत. अन् मागं चाळीस जीव असत्यात."

"आजपातूर पडलं का?"

"न्हाई."

"मग?"

या 'मग'ला कुठल्याच मिस्त्रीकडे उत्तर नसतं. शिवाय खंडूअण्णा दर शनिवारी गाडीला नवं लिंबू-मिरची बांधत असे. त्याच्या मते पुढचा एक्सल त्यावरच टिकून होता. पण त्या चाळीस जिवांत त्याची बायकोही असते, याची गेनूने आठवण करून दिली, तेव्हा तो कुरकुरत तयार झाला.

गेनू तीन दिवस गाडीखाली होता. सगळं गंजून एकजीव झालेलं. तेल सोडलं, घण मारले, शिव्याही दिल्या. त्या मी तुम्हाला सांगणार नाही. आवाज डावीकडून जास्त यायचा, तरी त्याने दोन्ही बाजूंचं सामान बदललं, ग्रीस भरलं, एकेक नट हाताने तपासला. मग गाडी फिरवून पाहिली. ती इतकी अलगद गेली की त्याचे डोळे भरून आले. मिस्त्री लोकांना असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनर्थ झाला. गाडी आली, हे कोणाला कळलंच नाही. हरिणी झोपून राहिल्या. कासव घरातच राहिलं, अर्थात ते नेहमीच असतं. दोन ससे चाकाखाली येता येता वाचले. खंडूअण्णा एकटाच तळ्यावर गेला आणि एकटाच परत आला.

दुपारी सगळं जंगल महाराजांच्या गुहेपुढे जमलं. सगळ्यांच्या वतीने सदूभाऊ बोलायला उभा राहिला. काढलेलं सामान गिऱ्हाइकाला दाखवायचं, ही मिस्त्री लोकांची रीत. त्याप्रमाणे गेनूने ते पोत्यात भरून खंडूअण्णाला दिलं होतं. सदूभाऊने तेच पोतं सर्वांसमोर ओतलं. सामान काळंकुट्ट आणि वजनदार होतं. एवढा दणकट माल काढला आणि याने आत काय घातलं, असं त्याने विचारलं. गाडीखाली वाकून बघायला मात्र कोणी गेलं नाही.

"मिस्त्री, गाडी बोलत होती," महाराज म्हणाले. "तुझ्या हातात दिली आणि मुकी झाली."

"बोलत नव्हती, महाराज. कण्हत होती."

हा फरक महाराजांना कळला नाही. त्यांनी निकाल दिला. उद्या सकाळपर्यंत गाडी पहिल्यासारखी कर, नाहीतर जांभळीची जागा सदूभाऊची.

गेनू घरी येऊन डोकं धरून बसला. जुनं सामान परत बसवावं, तर चाळीस जीव दरीत. न बसवावं, तर जागा जाणार, आणि सदूभाऊ तेच सामान रंग मारून बसवणार. त्याला रडू आलं. त्याची बायको इठाबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती.

"त्यास्नी आवाज पायजे न्हवं?" ती म्हणाली. "मग आवाज द्या. चाकाला कशापायी हात लावताय?"

तिने तेलाचा रिकामा डबा घेतला आणि ओढ्यातले गोटे त्यात भरले. गेनूने तो पिकअपच्या पोटाखाली तारेने आवळून बांधला.

सकाळी दोन टेकड्यांपलीकडे खडखडाट पोचला. हरिणी उठल्या, पोरांची तोंडं धुतली गेली, कासव निघालं. गाडी गच्च भरली. घाटाच्या त्या वळणावर पुढच्या चाकांनी वाट घट्ट धरून ठेवली. हे फक्त गेनूला माहीत होतं. बाकी सगळे लिंबू-मिरचीला हात जोडत होते.

महाराजांनी शाल-श्रीफळ देऊन गेनूचा सत्कार केला. आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत आहे, असंही म्हणाले. तेव्हापासून गॅरेजपुढे रांग असते. आमच्याही गाडीला असाच दणकट आवाज काढून द्या, म्हणून लांबलांबची जनावरं येतात. गेनू प्रत्येकाला डबा बांधून देतो आणि खाली शिरलोच आहोत तर, कोणाला न सांगता, ब्रेकही नीट करून देतो.

तात्पर्य: दुखणं मुळापासून बरं करावं, पण कण्हणं तेवढं शिल्लक ठेवावं. नाहीतर चांगल्या रोग्याला वैद्याने बिघडवलं, असं लोक म्हणतात.